जळीत रुग्णाच्या जखमेची जंतुतपासणी: स्वॅब घेण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

बर्न्स वॉर्डात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर, ड्रेसिंगची जबाबदारी पहिल्यांदाच घेणाऱ्या परिचारिका आणि प्रयोगशाळेत जळीत जखमेचे नमुने नुकतेच हाताळू लागलेले तंत्रज्ञ, या तिघांसाठी हा लेख आहे. मुंबईत कस्तुरबा, शीव किंवा मसिना रुग्णालय असो की ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर, जळीत रुग्णांच्या विभागात जखमेचे स्वॅब (निर्जंतुक कापसाच्या काडीने घेतलेले नमुने) हे नित्याचे काम असते, आणि नित्याचे काम हाताच्या सवयीने उरकले जाण्याचा धोका नेहमीच असतो. म्हणून आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. स्वॅबचा रिपोर्ट जखमेवर कोणते जंतू राहत आहेत एवढे सांगतो. त्या जंतूंनी जिवंत ऊतीत शिरकाव केला आहे का, याचा निर्णय रुग्णाला आणि जखमेला पाहून करावा लागतो. पुढच्या सर्व पायऱ्या हा फरक ध्यानात ठेवूनच समजतील.

जखमेवर कोण केव्हा येते

भाजल्यानंतर लगेच जखमेचा पृष्ठभाग जवळपास निर्जंतुक असतो, कारण उष्णतेने वरचे जंतू मेलेले असतात. घर्मग्रंथींत आणि केसांच्या मुळाशी खोल राहिलेले स्टॅफिलोकॉकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंगाने जांभळे दिसणारे) जंतू मात्र तगून राहतात आणि पहिल्या ४८ तासांत पृष्ठभागावर पसरतात. साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत ग्रॅम-निगेटिव्ह (त्याच तपासणीत गुलाबी दिसणारे) जंतू येऊन पोहोचतात. त्यांतले काही रुग्णाच्याच आतड्यातून आणि श्वसनमार्गातून येतात, तर काही वॉर्डातल्या हातांवरून, नळांवरून आणि पलंगांच्या कठड्यांवरून येतात. स्युडोमोनास, क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर ही नावे नवख्या माणसाला आठवडाभरातच पाठ होतात. त्यानंतर, विशेषतः जोरकस अँटिबायोटिक्स बरेच दिवस चालली असतील तर, कँडिडा आणि ॲस्परजिलससारख्या बुरशी दिसू लागतात.

ही वस्ती होणे जवळजवळ अटळ आहे. खोल भाजलेल्या जागेवरचा मृत कातडीचा थर, ज्याला वॉर्डात एस्कार म्हणतात, प्रथिनांनी भरलेला आणि ओला असतो. त्यात रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथे पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत आणि शिरेतून दिलेले औषधही पुरेसे पोहोचत नाही. दहाव्या दिवशीच्या स्वॅबमध्ये जंतू सापडले यात म्हणून नवल काहीच नाही. उलट न काढलेल्या एस्कारवरून दहाव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट आला, तर आधी नमुना नीट घेतला होता का, हे तपासावे.

पहिली पायरी: संशय कशावरून घ्यावा

मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णात ताप, वाढलेली नाडी आणि जलद श्वास या गोष्टी संसर्ग नसतानाही असतात. शरीराची चयापचय क्रियाच इतकी वाढलेली असते की ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान हे कित्येक दिवस त्या रुग्णाचे ‘नेहमीचे’ तापमान असू शकते. यामुळेच इतर वॉर्डांतले निकष इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये जळीत रुग्णांसाठी वेगळे निकष मांडले आणि ते आजही चांगला आधार ठरतात. प्रौढांसाठी ते असे: तापमान ३९ अंशांच्या वर किंवा ३६.५ च्या खाली. नाडी वाढत जाऊन मिनिटाला ११० च्या वर. श्वास मिनिटाला २५ च्या वर. सुरुवातीचे सलाइन देऊन तीन दिवस उलटल्यानंतर प्लेटलेट १ लाखाच्या खाली. आधी मधुमेह नसताना रक्तशर्करा २०० मिलिग्रॅमच्या वर. आणि नळीने दिलेले अन्न २४ तासांहून अधिक काळ न पचणे. यांपैकी किमान तीन गोष्टी असतील तर सेप्सिसचा (संसर्गामुळे अवयवांचे काम बिघडू लागण्याचा) संशय घ्यावा आणि संसर्ग कुठे आहे ते शोधावे.

पांढऱ्या पेशींची संख्या या यादीत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावलेल्या रुग्णात पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी तात्पुरत्या कमी होऊ शकतात, आणि अशी घट पाहून रात्रपाळीतला नवा डॉक्टर घाबरून मोठी अँटिबायोटिक्स सुरू करतो, हा प्रकार अपरिचित नाही.

रक्ताच्या आकड्यांपेक्षा जखम जास्त बोलते. रोजच्या ड्रेसिंगला काय पाहायचे ते ठरवून घ्यावे. जखमेचा रंग ठिकठिकाणी गडद तपकिरी, काळा किंवा जांभळट झाला आहे का? काल वरवरची वाटणारी जखम आज खोल दिसते आहे का? एस्कार अपेक्षेपेक्षा लवकर सुटू लागला आहे का? त्याखालच्या चरबीत रक्तस्राव दिसतो का? कडेची चांगली कातडी लाल, गरम आणि सुजलेली आहे का? बसलेला ग्राफ्ट (जखमेवर लावलेली कातडी) विरघळल्यासारखा नाहीसा होतो आहे का? पट्टीवर निळसर-हिरवा डाग आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास असेल तर स्युडोमोनास असण्याची शक्यता मोठी. मात्र वास आणि रंग यांवरूनही केवळ वस्तीच कळते, आक्रमण नव्हे.

इथे एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. सिल्व्हर सल्फाडायझिन जखमेतल्या स्रावात मिसळून पिवळट-करडा, चिकट थर तयार करते. नवख्या डोळ्यांना तो पूच वाटतो आणि त्याचाच स्वॅब प्रयोगशाळेत जातो. आधी तो थर सलाइनने हळूच पुसून काढावा आणि मग खाली काय आहे ते पाहावे.

दुसरी पायरी: स्वॅब कधी घ्यावा

पहिला स्वॅब रुग्ण दाखल होताना घ्यावा. पालघर, ठाणे किंवा रायगड जिल्ह्यातून चार-पाच दिवस दुसरीकडे उपचार घेऊन मुंबईत पाठवलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर तो टाळूच नये, कारण त्याच्याबरोबर दुसऱ्या रुग्णालयाचे औषधांना दाद न देणारे जंतूही येतात, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला शक्यतो वेगळे ठेवणे वॉर्डाच्या हिताचे असते. थेट घरून आलेल्या रुग्णाच्या जखमेवर टूथपेस्ट, हळद, शाई किंवा तूप असते; ते धुऊन काढल्याशिवाय घेतलेल्या नमुन्याला काही अर्थ नाही.

त्यानंतर मोठ्या जखमांमध्ये आठवड्यातून एकदा, काही ठिकाणी दोनदा, ठरलेल्या वारी स्वॅब घेतात. या पाहणीच्या स्वॅबचा उद्देश औषध सुरू करणे हा नसतो. उद्या रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर पहिल्या काही तासांत कोणते औषध द्यावे, याचा अंदाज हाताशी असावा, हा तो उद्देश आहे. याशिवाय वर दिलेली चिन्हे दिसली की, ग्राफ्टिंगपूर्वी, आणि ग्राफ्ट निकामी होऊ लागला की स्वॅब घ्यावा. नवे अँटिबायोटिक सुरू करायचे ठरले असेल तर पहिल्या डोसच्या आधी स्वॅब आणि रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) दोन्ही घ्यावेत. पण रुग्णाचा रक्तदाब घसरत असेल तर नमुन्यांसाठी औषध रोखून धरू नये.

तिसरी पायरी: स्वॅब घेण्याची पद्धत

वेळ ड्रेसिंगचीच निवडावी, वेदनाशामक देऊन झाल्यावर. नीट घेतलेल्या स्वॅबमध्ये जखमेवर दाब द्यावा लागतो आणि तो दुखतो, हे रुग्णाला आधी सांगावे. जुनी पट्टी काढल्यावर मलमाचे अवशेष आणि सुटा स्राव निर्जंतुक नॉर्मल सलाइनने धुऊन टाकावा. इथे पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन वापरू नये. त्याचा अंश स्वॅबबरोबर गेला तर प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर जंतू उगवत नाहीत आणि खोटा दिलासा मिळतो. चांदीचेही तसेच आहे. चांदीयुक्त ड्रेसिंग काढल्यावर जखम जरा जास्तच धुवावी आणि फॉर्मवर तसे लिहावे.

यानंतर जागा निवडायची. साचलेला पू, सुटलेली खपली आणि कडेची निरोगी कातडी टाळून, जिथे जखम सर्वांत वाईट दिसते तिथली ओलसर, शक्यतो जिवंत ऊतीची जागा घ्यावी. लेव्हिन यांनी १९७६ मध्ये सांगितलेली पद्धत आजही सर्वांत सोपी आहे: साधारण १ चौरस सेंटिमीटर जागेवर स्वॅब टेकवून, आतला द्रव वर येईल इतपत दाब देत, सुमारे पाच सेकंद तो गोल फिरवायचा. जखम कोरडी असेल तर स्वॅब आधी निर्जंतुक सलाइनने ओला करावा. जखमेवरून नागमोडी फिरवलेला हलका स्वॅब दिसायला कसोशीचा वाटतो, पण त्यात वरवरचा कचराच जास्त येतो.

एका स्वॅबवरून अख्ख्या जखमेविषयी बोलू नये. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सारखा शिजतो. ४० टक्के भाजलेल्या रुग्णाच्या छातीवर स्युडोमोनास आणि मांडीवर स्टॅफिलोकॉकस असू शकतो. छाती, पाठ, हात, पाय असे वेगळे भाग असतील तर प्रत्येकी वेगळा स्वॅब घ्यावा, प्रत्येक नळीवर जागेचे नाव लिहावे, आणि ज्या भागाची कातडी ग्राफ्टसाठी काढली आहे तो भाग बिघडत असेल तर त्याचाही नमुना द्यावा. ग्रॅम स्टेनही (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) हवा असेल तर त्याच जागेचा दुसरा स्वॅब घ्यावा.

चौथी पायरी: फॉर्म आणि प्रवास

प्रयोगशाळेला मिळणाऱ्या फॉर्मवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘पस सी/एस’, म्हणजे पूचे कल्चर आणि औषध-संवेदनशीलता. या दोन शब्दांवर प्रयोगशाळेतला माणूस काहीही ठरवू शकत नाही. फॉर्मवर किती टक्के भाजले आहे, भाजून कितवा दिवस आहे, नमुना नेमका कुठून घेतला, जखम कशी दिसते, वर कोणते मलम किंवा ड्रेसिंग होते, कोणती अँटिबायोटिक्स केव्हापासून चालू आहेत आणि हा पाहणीचा स्वॅब आहे की संसर्गाचा संशय आहे, एवढे लिहावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा तोच लिहिलेला नसतो. बुरशीचा संशय असेल तर ते ठळक लिहावे, कारण त्यासाठी वेगळ्या प्लेट लावाव्या लागतात.

स्वॅब एमिस किंवा स्टुअर्ट या वाहक माध्यमाच्या नळीत घालून साध्या तापमानाला दोन तासांच्या आत पोहोचवावा. मोठ्या रुग्णालयात प्रयोगशाळा त्याच आवारात असते, तिथे प्रश्न फक्त नमुने नेणाऱ्या वॉर्डबॉयच्या, म्हणजे मामांच्या, फेरीच्या वेळेचा असतो. ड्रेसिंग अकराला संपत असेल आणि फेरी दुपारी तीनला असेल तर ती वेळ बदलून घेणे हे सिस्टर आणि निवासी डॉक्टरांनी मिळून करण्याचे काम आहे. कल्याण-डोंबिवली किंवा वसई-विरार पट्ट्यातल्या नर्सिंग होममधून बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना जातो तेव्हा लोकल, रस्ता आणि जुलैचा पाऊस हेही मधे येतात. अशा ठिकाणी वाहक माध्यमाशिवाय कोरडा स्वॅब पाठवण्यात काहीच हशील नाही. माध्यमातला स्वॅब २४ तासांपर्यंत चालू शकतो, पण उशीर झाल्यास चिवट जंतू टिकतात आणि नाजूक जंतू मरतात, त्यामुळे रिपोर्टमधले चित्र बदललेले असते.

पाचवी पायरी: बायॉप्सी केव्हा आणि कशी

जखम संशयास्पद दिसते आणि रुग्णही खालावतो आहे, तेव्हा स्वॅबवर न थांबता ऊतीचा तुकडा घ्यावा. आक्रमक संसर्गाचे सर्वांत भक्कम प्रमाण एकच आहे: एस्कारखालच्या जिवंत ऊतीत जंतू किंवा बुरशी शिरलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे. हा पुरावा स्वॅब कधीच देऊ शकत नाही.

तुकडा ३ ते ४ मिलिमीटरच्या पंचने किंवा सर्जिकल ब्लेडने घेतात, पुष्कळदा एस्कार काढण्याच्या शस्त्रक्रियेतच. पृष्ठभाग सलाइनने पुसून घ्यावा आणि तुकडा इतका खोल असावा की त्याच्या तळाशी रक्त येणारी जिवंत ऊती असेल. फक्त मृत थराचा तुकडा पाठवला तर त्यात जंतू असणारच, आणि त्यावरून काहीच ठरत नाही. तुकड्याचे दोन भाग करावेत. एक भाग निर्जंतुक डबीत, सुकू नये म्हणून निर्जंतुक सलाइनचे थोडे थेंब घालून सूक्ष्मजीवशास्त्राकडे जातो, आणि दुसरा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे. ऑपरेशन थिएटरच्या गडबडीत दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडणे ही मोठ्या मोठ्या ठिकाणीही घडणारी गोष्ट आहे, आणि फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून काहीही उगवत नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तुकडा काढण्याआधी लावून ठेवाव्यात. कल्चरचा तुकडा लगेच पोहोचवावा. मे महिन्यातल्या उकाड्यात तो तासन् तास पडून राहिला तर जंतू वाढत राहतात आणि मोजणी फुगते.

प्रयोगशाळेत तुकडा वजन करून, निर्जंतुक सलाइनमध्ये वाटून, दहापटीने पातळ करत प्लेटवर पसरतात. उदाहरणादाखल, ०.२५ ग्रॅम ऊती २.२५ मिलिलिटर सलाइनमध्ये वाटली की सुमारे दहापट पातळ मिश्रण तयार होते. ते आणखी पातळ करून मूळ ऊतीच्या हजारपट पातळ मिश्रणातले ०.१ मिलिलिटर प्लेटवर लावले आणि दुसऱ्या दिवशी ४२ वसाहती मोजल्या, तर ४२ गुणिले १० गुणिले १,०००, म्हणजे ग्रॅममागे ४ लाख २० हजार जंतू झाले. ग्रॅममागे १ लाखाहून अधिक ही संख्या धोक्याची रेषा मानण्याची पद्धत आहे.

या रेषेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. संख्या बरीच कमी असेल तर आक्रमक संसर्गाची शक्यता खरोखरच कमी असते. पण संख्या जास्त असूनही सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ऊतीत एकही जंतू न दिसणे हे पुष्कळदा घडते, आणि एकाच जखमेतून एकाच वेळी घेतलेल्या दोन तुकड्यांची मोजणीही वेगवेगळी येऊ शकते. म्हणून मोजणी आणि पॅथॉलॉजीचा अहवाल एकत्र ठेवून वाचावेत.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत काय घडते

वॉर्डातल्या माणसाला एवढे माहीत असले की रिपोर्टची वाट पाहणे सोपे जाते. नमुना आल्यावर ग्रॅम स्टेन होतो आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी मिळू शकते. गंभीर रुग्णासाठी फोन करून ते विचारावे. स्वॅब ब्लड अगर आणि मॅकॉन्की अगर या पोषक माध्यमांवर लावून सुमारे ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात. १८ ते २४ तासांनी प्लेटवर पहिले चित्र दिसते: मॅकॉन्कीवर क्लेब्सिएलाच्या गुलाबी, चिकट वसाहती, स्युडोमोनासच्या रंगहीन, पण आजूबाजूचे माध्यम हिरवट करणाऱ्या वसाहती, ब्लड अगरवर प्रोटिअसची लाटांसारखी पसरत जाणारी वाढ. ऑक्सिडेज चाचणीत स्युडोमोनास पॉझिटिव्ह आणि ॲसिनेटोबॅक्टर निगेटिव्ह येतो, त्यामुळे या दोघांची फारकत काही सेकंदांत होते. जिथे जंतूच्या प्रथिनांवरून तो ओळखणारे मॅल्डी-टॉफसारखे यंत्र आहे तिथे जंतूचे नावही लवकर कळते.

औषधांची चाचणी म्युलर-हिंटन अगरवर औषधाच्या चकत्या ठेवून किंवा स्वयंचलित यंत्रावर होते आणि तिला आणखी एक दिवस लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा) आहे का, हे सेफॉक्सिटिनच्या चकतीवरून ठरवतात. कोलिस्टिनची चाचणी मात्र चकतीवर विश्वासार्ह होत नाही. ती द्रव माध्यमात औषध पातळ करत करावी लागते. रिपोर्टवर कोलिस्टिनपुढे ‘सेन्सिटिव्ह’ छापलेले दिसले तर चाचणी कोणत्या पद्धतीने केली, हे विचारावे.

सातवी पायरी: रिपोर्ट वाचणे

रिपोर्ट हातात आला की नजर थेट सेन्सिटिव्ह औषधांच्या स्तंभाकडे जाते. ती सवय मोडावी. आधी नमुन्याची जागा आणि तारीख पाहावी, मग ग्रॅम स्टेन, मग वाढीचे प्रमाण आणि जंतूचे नाव, मग त्याच रुग्णाचे मागचे रिपोर्ट, आणि शेवटी औषधे. समजा, भाजून बाराव्या दिवशीच्या पाहणीच्या स्वॅबमध्ये ॲसिनेटोबॅक्टरची मध्यम वाढ आहे, तो कोलिस्टिन सोडून कशालाच दाद देत नाही. रुग्ण मात्र जेवतो आहे, तापमान गेल्या आठवड्याइतकेच आहे आणि जखम गुलाबी दिसते. अशा रुग्णाला मूत्रपिंडांना इजा करू शकणारे कोलिस्टिन सुरू करण्याचे काहीही कारण नाही. त्याला वेगळे ठेवावे, हातांची स्वच्छता कडक करावी, एस्कार उरला असेल तर तो काढण्याचे नियोजन करावे आणि वरून लावायच्या औषधाचा फेरविचार करावा. तोच रिपोर्ट, पण रुग्णाला ३९.४ ताप, प्लेटलेट ८० हजार, पोट फुगलेले आणि मांडीवरची जखम काळपट झालेली असेल, तर निर्णय पूर्णपणे वेगळा होतो. मग रक्ताचे कल्चर आणि बायॉप्सी लगेच घ्यावी, वरिष्ठांना तातडीने बोलवावे आणि मागच्या रिपोर्टांच्या आधारे औषध सुरू करावे. संसर्गाचे मूळ जखमेत असेल तर ती जखम साफ केल्याशिवाय केवळ औषधाने रुग्ण सुधारण्याची अपेक्षा धरू नये.

वाढीचे प्रमाण १+ ते ४+ असे लिहिलेले असते. ते ढोबळ असले तरी त्याच जागेवरचे लागोपाठचे स्वॅब १+ वरून ४+ वर गेले तर त्याची दखल घ्यावी. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र आले असतील तर तो बहुधा पृष्ठभागाचा नमुना असतो. नीट धुऊन पुन्हा घ्यावा.

एका जंतूला मात्र हे सगळे हिशेब लागू नाहीत. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस कितीही कमी प्रमाणात आला तरी तो महत्त्वाचा, कारण तो ग्राफ्ट पार नष्ट करतो आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. तो आढळला की प्रयोगशाळेने छापील रिपोर्टची वाट न पाहता फोन करावा आणि वॉर्डाने नियोजित ग्राफ्टिंग पुढे ढकलावे. सुदैवाने पेनिसिलिनला तो आजही दाद देतो.

रक्ताचे कल्चर घेताना शक्य तिथे न भाजलेल्या कातडीतून, दोन वेगळ्या जागांहून, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घ्यावे. रक्तात आणि जखमेत एकच जंतू, त्याच औषध-संवेदनशीलतेचा मिळाला तर जखमेवरचा संशय दृढ होतो. पण सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), फुप्फुसे आणि लघवीची नळी याही जागा तपासून घ्याव्यात. प्रोकॅल्सिटोनिनचा (संसर्गात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचा) एकटा आकडा फारसा कामाचा नाही, चढता कल मात्र उपयोगी पडतो. औषध ठरले तरी डोस ठरवताना वरिष्ठांचा सल्ला घ्यावा, कारण मोठ्या भाजण्यात शरीर अनेक अँटिबायोटिक्स नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकते.

जखमेत संसर्ग नसताना केवळ प्रतिबंध म्हणून शिरेतून अँटिबायोटिक्स देऊ नयेत, ही जागतिक बर्न्स संघटनेची २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतली भूमिका आहे. नातेवाईक मात्र रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ‘डॉक्टर, सेप्टिक झालंय का? मग इंजेक्शन का बदलत नाही?’ त्यांना टाळू नये. ‘जखमेवर जंतू आहेत, ते अपेक्षितच होते, आत गेल्याची लक्षणे आज दिसत नाहीत, आणि ती दिसतात का हे आम्ही रोज पाहतो आहोत,’ एवढे साध्या शब्दांत सांगितले की बहुतेकांचे समाधान होते.

जिथे नेहमीचा हिशेब चुकतो

आंघोळीच्या गरम पाण्याच्या बादलीत पडलेले किंवा चहा सांडून घेतलेले लहान मूल बर्न्स ओपीडीत नेहमीच येते. जखम लहान, वरवरची, अगदी स्वच्छ दिसणारी असते. दोन-तीन दिवसांनी त्या मुलाला ३९ च्या वर ताप, अंगभर लाल पुरळ, जुलाब किंवा उलट्या आणि विलक्षण चिडचिड सुरू झाली, तर स्टॅफिलोकॉकसच्या विषामुळे होणारा टॉक्सिक शॉक सिंड्रोम आधी डोळ्यांपुढे यावा. इथे जंतू आक्रमण करत नाही, तो जखमेवर बसून विष तयार करतो. स्वॅबमध्ये केवळ ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस, अल्प वाढ’ एवढेच येते, किंवा रिपोर्ट येण्याच्या आतच मूल शॉकमध्ये जाते. जखम चांगली दिसते म्हणून अशा मुलाला घरी पाठवू नये. ताबडतोब दाखल करावे, ड्रेसिंग काढून जखम साफ करावी आणि उपचार सुरू करावेत.

उच्चदाबाच्या विजेने भाजलेल्यांचेही तसेच. लोकलच्या टपावर चढून २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड वायरच्या कक्षेत आलेल्या रुग्णाची कातडी ठिकठिकाणी शाबूत असते आणि आतला स्नायू मेलेला असतो. तिथे वरचा स्वॅब घेऊन काहीच कळत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला खोल स्नायूचा तुकडा पाठवावा आणि ऑक्सिजनविरहित कल्चरची मागणी आठवणीने करावी, कारण क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू नेहमीच्या प्लेटवर उगवत नाहीत.

बुरशीचा संशय योग्य अँटिबायोटिक्स चालू असूनही रुग्ण उतरत जातो, जखमेवर अचानक काळे डाग पडतात किंवा एस्कार झपाट्याने सुटतो तेव्हा घ्यावा. अशा वेळी ऊतीचा तुकडाच हवा. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावून तो लगेच पाहता येतो: ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे, म्युकरवर्गीय बुरशीचे रुंद, जवळपास पडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे. म्युकरचा संशय असेल तर तंत्रज्ञांनी तुकडा वाटू नये, बारीक चिरून सबुरॉ अगरवर ठेवावा. वाटल्याने तंतू तुटतात आणि बुरशी उगवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले तर कल्चरसाठी न थांबता शल्यविशारदांना फोन करावा.

वॉर्डाचा एकत्रित हिशेब

एका रुग्णाच्या रिपोर्टपलीकडे, सगळ्या वॉर्डाचे रिपोर्ट एका वहीत किंवा एक्सेलमध्ये मांडण्याची सवय लावावी: रुग्णाचा पलंग, भाजून कितवा दिवस, जागा, जंतू, दाद देणारी औषधे. दोन आठवड्यांत शेजारशेजारच्या तीन पलंगांवर एकाच प्रकारचा, त्याच औषधांना दाद न देणारा स्युडोमोनास दिसला, तर नळ, बेसिन आणि रुग्णांना धुण्याची टाकी यांचे नमुने घ्यावेत, कारण त्याला ओलावा लागतो. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक आठवडे टिकतो; त्यासाठी पलंगाचे कठडे, गादीचे कव्हर, मॉनिटरच्या तारा आणि रक्तदाबाचा पट्टा पाहावा. नमुने घेताना मामा आणि मावशींनाही कारण समजावून सांगावे, कारण त्या जागा रोज पुसतात तेच.

वर्षाअखेरीस यातूनच वॉर्डाचा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो, याचा तक्ता) तयार होतो. त्यात प्रत्येक रुग्णाचा त्या जंतूचा पहिला नमुनाच धरावा, नाहीतर तीन महिने राहिलेल्या एकाच रुग्णाचा जंतू सगळ्या आकडेवारीवर चढून बसतो. आणि एका जंतूचे किमान ३० नमुने नसतील तर त्याची टक्केवारी काढू नये. पाहणीचे स्वॅब आणि संसर्गाच्या संशयावरून घेतलेले नमुने वेगळे मोजावेत, आणि तयार तक्ता रात्रपाळीच्या डॉक्टरांना दिसेल असा नर्सिंग स्टेशनवर लावावा.